लिनक्सचे कोठार आणि गुरुजींची चाळीस पाने

यंत्राच्या बाबतीत आपण सामान्य माणसे मोठी विलक्षण आहोत. शिवणयंत्र कुरकुरू लागले तर त्यात तेल घालून पाहतो, सायकलीची साखळी उतरली तर हात काळे करून ती चढवतो, पंख्याचा कपॅसिटर गेला तर शेजाऱ्याला हाक मारतो. परंतु संगणक अडला की मात्र आपले सारे शहाणपण संपते. दुकानदार म्हणेल ते प्रमाण मानून आपण खिशात हात घालतो. ह्या परावलंबनातून थोडेफार सुटण्याचा एक मार्ग आमच्या भोपाळच्या लहानशा वाचनालयाला सापडला. त्या मार्गावर आम्ही कसे चाललो, कोठे ठेचकाळलो आणि एका रात्री आमच्या हातून किती मोलाचे धन जाता जाता राहिले, ते वाचकांपुढे मांडावे असा ह्या लेखाचा हेतू आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ह्या प्रणालीचा नित्याचा सांभाळ थांबवला. घरगुती ग्राहकांना काही अटींवर आणखी एक वर्ष सुरक्षेच्या सुधारणा देऊ केल्या, इतकेच. नव्या 'विंडोज ११' साठी ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. ती ज्या यंत्रांत नाही, ती यंत्रे उत्तम चालत असूनही एका दिवसात 'जुनी' ठरली. आमच्या वाचनालयात अशी तीन यंत्रे होती, तिन्ही कोणी ना कोणी दान दिलेली. ती पाहून दुरुस्ती करणारा म्हणाला, "फादर, ही आता भंगारात घाला." त्याचा सल्ला खोटेपणाचा नव्हता, त्याला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता एवढेच. आम्हालाही नव्हता.

तो ठाऊक होता अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीला. तिच्या घरी संगणक नाही. ती रोज सायंकाळी वाचनालयात येऊन अभ्यास करी. शाळेतल्या कोणा शिक्षकांकडून तिने लिनक्सचे नाव ऐकले होते. "भंगारात घालण्याआधी एकदा लिनक्स घालून बघू या का?" असे तिने विचारले. विचारण्यात काहीच खर्च नव्हता, म्हणून आम्ही होकार दिला.

लिनक्स म्हणजे काय?

संगणक सुरू होताच जी मूळ व्यवस्था जागी होते आणि पडदा, कळफलक, छपाईयंत्र ह्या सर्वांकडून काम करून घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही अशीच एक सिस्टिम; ती एका कंपनीच्या मालकीची आहे आणि तिची घडण गुप्त आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने असे जाहीर केले, की ज्याची घडण कोणालाही पाहता येईल, सुधारता येईल आणि शेजाऱ्याला देता येईल अशी संपूर्ण सिस्टिम आपण उभारू. त्या कार्याला त्याने 'ग्नू' हे नाव दिले. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉरव्हल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सिस्टिमचा गाभा लिहून तो सर्वांना खुला केला. तोच लिनक्स. ह्या दोन प्रवाहांच्या संगमातून आज अनेक सिस्टिम तयार झाल्या आहेत. त्यांची नावे निरनिराळी आहेत : डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट. आपल्या देशात सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने २००७ साली डेबियनच्या आधारे 'बॉस' ही सिस्टिम काढली. केरळातील सरकारी शाळांनी तर आपले संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभे केले, आणि २०१५ साली भारत सरकारने शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा ही काही चार हौशी तरुणांची गंमत नव्हे.

आम्ही लिनक्स मिंट निवडली. तिला किमान दोन जीबी मेमरी पुरते. चार असल्यास काम सुखाने चालते. एका पेन ड्राइव्हवर ती उतरवून घेतली आणि यंत्राला तो लावून सुरू केले. येथे नवशिक्यांना एक मोठा दिलासा आहे. पेन ड्राइव्हवरूनच सिस्टिम चालवून पाहता येते. यंत्रातील जुन्या मजकुराला तोवर धक्काही लागत नाही. पडदा, आवाज, वायफाय, छपाई हे सर्व नीट चालते असे दिसले, मगच आम्ही ती कायमची बसवली. तिन्हींपैकी दोन यंत्रे जिवंत झाली. तिसरे फारच जुने, बत्तीस बिटांचे निघाले. मिंटची नवी आवृत्ती अशा यंत्रांवर चालत नाही, आणि डेबियननेही २०२५ सालच्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी नवी बसवणी देणे बंद केले. ते यंत्र मात्र दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे भंगारात गेले. सगळेच जुने वाचते असे सांगून आम्ही वाचकांची दिशाभूल करणार नाही.

दुकानोदुकानी हिंडू नये

सिस्टिम बसली, आता तीवर निरनिराळी कामे करणारे सॉफ्टवेअर बसवावयाचे. येथेच नवशिक्याची पहिली चूक होते, आणि आमचीही झाली. विंडोजच्या सवयीने आम्ही इंटरनेटवर शोध केला, सापडेल त्या ठिकाणाहून 'ईएक्सई' अक्षरांनी संपणारी फाइल उतरवून घेतली आणि तीवर टिचक्या मारीत बसलो. काहीच होईना. तेव्हा ती मुलगी हसू आवरीत म्हणाली, "फादर, ती फाइल विंडोजची आहे. इथे बाहेरून आणायचं नसतं, कोठारातून मागायचं असतं."

'कोठार' हा तिचा शब्द आम्हाला इतका आवडला की तोच पुढे चालू ठेवला आहे. जाणकार त्याला रिपॉझिटरी म्हणतात. प्रत्येक लिनक्स सिस्टिमच्या चालकांनी एक मोठे कोठार राखलेले असते. त्यात हजारो सॉफ्टवेअर तपासून, बांधून, नावनिशीसह ठेवलेली असतात. अशा एकेका बांधलेल्या पुडक्याला पॅकेज म्हणतात. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीच्या कोठारात अशी सुमारे ६९ हजार पॅकेजे आहेत. उबुंटू ही डेबियनपासून निघाली आणि मिंट ही उबुंटूपासून. म्हणून ह्या सर्व घराण्यांत पॅकेज बांधण्याची रीत एकच आहे. फेडोराच्या घराण्याची रीत वेगळी. एकाचे पुडके दुसऱ्याकडे सरळ चालत नाही, हे नवशिक्याने आरंभीच ध्यानात घ्यावे.

पॅकेजमध्ये नुसते सॉफ्टवेअर नसते. त्यासोबत एक चिठ्ठी असते. तीवर लिहिलेले असते, की हे सॉफ्टवेअर चालण्यास आणखी कोणकोणत्या पॅकेजांची गरज आहे. पुरणपोळी करावयाची तर हरभऱ्याची डाळ हवी, गूळ हवा, कणीक हवी, वेलदोडा हवा आणि पुरण वाटण्याचे साधन हवे. घरात कणीक असेल तर ती पुन्हा आणण्याचे कारण नाही. गूळ संपला असेल तर तेवढाच आणावा. पॅकेज व्यवस्थापक नेमके हेच करतो. आपण फक्त 'पुरणपोळी' म्हणावे. काय आहे, काय नाही ते तो पाहतो आणि उणे असेल तेवढेच कोठारातून आणतो. जुन्या काळी लिनक्स वापरणाऱ्यांना ही जुळवाजुळव हाताने करावी लागे. एक पॅकेज आणावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसऱ्यासाठी अडून बसे. १९९८ साली डेबियनच्या मंडळींनी 'अ‍ॅप्ट' हे साधन पुढे आणले आणि ती यातायात बहुतांशी संपली.

आणखी एक गोष्ट. कोठाराच्या सूचीवर चालकांची गुप्तखुणेची मोहोर असते आणि प्रत्येक पॅकेजचा ठसा त्या सूचीत नोंदलेला असतो. वाटेत कोणी पुडके फोडून त्यात भलतेच भरले, तर ठसा जुळत नाही आणि अ‍ॅप्ट ते बसवण्यास नकार देते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून औषध घेणे आणि ओळखीच्या औषधालयातून मोहोरबंद बाटली घेणे, ह्यांत जो फरक, तोच येथे आहे.

पहिले पॅकेज

ज्यांना अक्षरांच्या आज्ञांचे भय वाटते त्यांनी 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडावा. त्यात वर्गवार मांडणी असते, चित्रे असतात, वापरणाऱ्यांचे अभिप्राय असतात. 'इन्स्टॉल' हे बटण दाबून पासवर्ड द्यावा, की काम झाले. आमच्या मुलीने पहिले पॅकेज मागितले ते स्टेलॅरियम. भोपाळच्या आकाशात ह्या घटकेला कोणता ग्रह कोठे आहे, ते हे सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवते. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणले, गायकवर्गाची तालीम ध्वनिमुद्रित करण्यास ऑडॅसिटी आणली. ह्यांतील एकासाठीही छदाम द्यावा लागला नाही.

परंतु थोडे धैर्य करून 'टर्मिनल' ही काळी खिडकी उघडावी, असा आमचा आग्रह आहे. कारण संकटकाळी तीच उपयोगी पडते. आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत, शब्दाशब्दांत एक जागा सोडून लिहावयाच्या असतात. 'सुडो अ‍ॅप्ट अपडेट' ही पहिली. तिने काहीही बसत नाही. कोठारातील मालाची ताजी यादी तेवढी आपल्याकडे येते. 'सुडो अ‍ॅप्ट अपग्रेड' ही दुसरी. तिने घरात असलेल्या जुन्या पॅकेजांच्या जागी नवी येतात. ह्या दोहोंत नवशिक्यांचा नेहमी घोटाळा होतो. किराणा दुकानाचे नवे दरपत्रक आणणे वेगळे आणि किराणा भरणे वेगळे, एवढे स्मरले म्हणजे पुरे. नवे काही हवे असल्यास 'सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल' लिहून पुढे पॅकेजचे नाव द्यावे. नको असल्यास इन्स्टॉलच्या ठिकाणी 'रिमूव्ह' लिहावे; त्याची सिस्टिममधील मांडणीही पुसावयाची तर 'पर्ज'. कोणाच्या सोबतीने आलेली आणि आता निरुपयोगी झालेली पॅकेजे 'ऑटोरिमूव्ह' ह्या आज्ञेने निघतात.

'सुडो' ह्या शब्दाचा अर्थ, घरधन्याच्या अधिकाराने हे काम कर. म्हणूनच तो पासवर्ड मागतो. पासवर्ड लिहिताना पडद्यावर एकही अक्षर वा ठिपका दिसत नसेल तर घाबरू नये. कळफलक बिघडला असे समजून आम्ही पहिल्या दिवशी तो दोनदा उपटून लावला होता! अक्षरे न दाखवणे हीच तेथील रीत आहे. मग अ‍ॅप्ट आपल्याला सांगते की इतकी पॅकेजे येतील, इतकी जागा लागेल, आणि विचारते, पुढे जाऊ काय? त्या प्रश्नाशी क्षणभर थांबून यादी वाचावी. एखादी लहान गोष्ट मागताना 'पुढील पॅकेजे काढली जातील' अशी लांबलचक यादी आली, तर नकार द्यावा आणि जाणत्याला विचारावे.

मावठ्याची रात्र

वाचनालयात रोज दुपारी एक वृद्ध शिक्षक येत. सारे त्यांना गुरुजी म्हणतात. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी भोपाळला आली आणि तिच्याबरोबर सचिवालयातील कित्येक मराठी कुटुंबे येथे आली. त्यांतलेच त्यांचे एक. १९८४ साली ते रेल्वे स्थानकाजवळच्या एका गल्लीत राहत होते. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला विषारी वायू त्या गल्लीतही शिरला. त्या रात्रीविषयी जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गुरुजींना लिहावयाची होती ती त्यांची गल्ली : कोणत्या घरात कोण राहत होते, कोण काय काम करी, कोणाच्या मुलाला कोणती कविता पाठ येत होती. एकेका शेजाऱ्यास एकेक परिच्छेद. हात कापतो म्हणून ते कागदावर लिहू शकत नसत. कळफलकावर एका बोटाने लिहीत. मुलीने त्यांच्यासाठी आयबस हे मराठी लेखनाचे साधन कोठारातून आणून दिले होते. हिवाळ्यापर्यंत चाळीस पाने झाली होती, आणि ती त्या एका यंत्राखेरीज कोठेही नव्हती.

एका सायंकाळी आम्ही 'अपग्रेड' ही आज्ञा देऊन यंत्र तसेच चालू ठेवले. बाहेर मावठ्याचा पाऊस कोसळत होता. यूपीएसची बॅटरी केव्हाच गेली होती आणि ती बदलण्याचे आम्ही महिनाभर उद्यावर ढकलत आलो होतो. पॅकेजे अर्धी बसली असतील नसतील, तोच लाईट गेली.

अर्ध्या तासाने ती आली. पण नेहमीचा पडदा येईना. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि पासवर्ड विचारणारी एक ओळ तेवढी लुकलुकत होती. आम्ही एका माहितगार गृहस्थांना फोन केला. ते सहजपणे म्हणाले, "फॉरमॅट करून नव्याने टाका, तासाभराचं काम आहे." तासाभराचे काम, खरेच! त्या एका शब्दाने गुरुजींची सबंध गल्ली पुसली गेली असती. आम्ही हे मान्य करतो, की आमचा हात पेन ड्राइव्हकडे गेला होता; चाळीस पानांची आठवण आम्हाला गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहून झाली.

मुलगी म्हणाली, "थांबा फादर, आधी बघू तरी." तिने नाव आणि पासवर्ड दिला, गुरुजींच्या फोल्डरात जाऊन फाइलींची यादी मागितली. यादी आली, पण मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसले. गुरुजी खुर्चीतून अर्धवट उठले. "अक्षरं गेली ग, पोरी!"

"नाही गेली, आजोबा. ह्या काळ्या पडद्याला देवनागरी काढता येत नाही, म्हणून चौकोन दिसतात. फाइल आहे तिथेच आहे."

मग तिने जे केले ते प्रत्येक नवशिक्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी तिने सिस्टिमचा पेन ड्राइव्ह लावून यंत्र त्यावरून, केवळ चालवून पाहण्याच्या रीतीने, सुरू केले. गुरुजींचे फोल्डर उघडले आणि ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. फाइल उघडताच पहिली ओळ दिसली. गुरुजींनी ती पुटपुटत वाचली आणि चष्मा पुसला. त्यानंतरच तिने यंत्र पुन्हा आपल्या पायावर सुरू करून अ‍ॅप्टला आज्ञा दिली. अ‍ॅप्टने नकार दिला. पण त्या नकारातच उपाय लिहिला होता. काम मध्येच तुटले आहे, अमुक आज्ञा स्वतः द्या, म्हणजे दुरुस्त होईल, असे त्या ओळीत स्पष्ट म्हटले होते. ती आज्ञा अशी : 'सुडो डीपीकेजी', पुढे दोन आडव्या रेघा जोडून 'कॉन्फिगर', आणि शेवटी एक आडवी रेघ जोडून 'ए'. डीपीकेजी हा अ‍ॅप्टच्या हाताखालचा कामगार. प्रत्यक्ष पुडकी उघडून मांडण्याचे काम तो करतो. अर्धवट राहिलेली पॅकेजे त्याने एकामागून एक पुरी केली. त्यावर 'अ‍ॅप्ट'ला दोन रेघांसह 'फिक्स-ब्रोकन' आणि पुढे 'इन्स्टॉल' सांगून उरलेले सांधे जुळवले, राहिलेले अपग्रेड पुरे केले. यंत्र पुन्हा सुरू केले, आणि ओळखीचा हिरवट पडदा समोर आला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

दोष कोणाचा? पावसाचा नव्हे, लिनक्सचा तर नव्हेच. पॅकेजे बसवताना व्यवस्थापक आपल्या घरच्या फोल्डराला हात लावत नाही. गुरुजींची पाने त्या अपघातात क्षणभरही धोक्यात नव्हती. त्यांना धोका होता तो आमच्या घाईचा आणि दुसरी प्रत न ठेवण्याच्या आमच्या आळसाचा.

अडचणी आणि सावधगिरी

नवशिक्यांना वारंवार भेटणाऱ्या आणखी दोन ओळी सांगून ठेवतो. 'पॅकेज सापडत नाही' असे उत्तर आले, तर बहुधा नावातील अक्षर चुकलेले असते किंवा यादी जुनी झालेली असते. 'अपडेट' करून पुन्हा पाहावे. 'कुलूप मिळत नाही' अशा अर्थाची ओळ आली, तर दुसरी कोणती तरी खिडकी, बहुतेक आपोआप चालणारा अपडेट मॅनेजर, त्याच वेळी कोठारात काम करीत आहे असे समजावे. ते काम संपेपर्यंत चहा घ्यावा. कुलूपाची फाइल पुसून टाका, असा उतावीळ सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये.

ज्या आज्ञेचा अर्थ कळत नाही ती, विशेषतः जिच्या आरंभी 'सुडो' आहे ती, कोणी कितीही खात्रीने सांगितली तरी डोळे मिटून देऊ नये. कोठाराबाहेरची पॅकेजे शक्यतो टाळावी. कोठारही मनुष्यांनीच राखलेले असते, हेही विसरू नये. २०२४ च्या मार्चमध्ये असे उघडकीस आले, की एक्सझेड ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लहानशा पॅकेजमध्ये, दीर्घकाळ विश्वास संपादन करून, कोणी तरी चोरदरवाजा घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला एका कामास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे वाटले, आणि त्याने पाठपुरावा केला म्हणून तो सापडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता. घडण सर्वांना खुली होती म्हणूनच एका दक्ष माणसाला ती तपासता आली. परंतु दक्ष माणूस मात्र हवाच.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचे साधन असते. अपग्रेडपूर्वी त्याने सिस्टिमची प्रतिमा घेऊन ठेवता येते आणि बिघाड झाल्यास मागे जाता येते. परंतु ते स्वभावतः आपली कागदपत्रे त्यात धरत नाही. त्यांची प्रत वेगळीच ठेवावी लागते.

मराठी लेखनासाठी लोहित देवनागरी हा टंक आणि लिब्रेऑफिसचे मराठी पॅकेज कोठारात तयार आहे. मात्र ज्यांचा जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत आहे, त्यांना तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हे दिसतील. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. काही सरकारी आणि हिशेबाची सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालतात. ज्यांचा चरितार्थ त्यांवर आहे त्यांनी विचार करूनच पाऊल टाकावे.

शिकावयाचे कोठे, असे कोणी विचारील. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ह्यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. त्यात लिनक्सचे लहान लहान पाठ मराठी निवेदनासह मोफत मिळतात. पडद्यावर दिसेल तसे शेजारी आपण करीत जावयाचे, अशी त्याची पद्धत आहे. आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी चार-पाच स्त्रिया आणि मुले त्यांवरूनच शिकतात.

ही पॅकेजे बांधते कोण, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक ह्या विद्यार्थ्याने डेबियनचा आरंभ केला. स्वतःचे आणि आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव जोडून त्याने हे नाव घडवले. तो २०१५ साली वारला. काम मात्र चालूच आहे. देशोदेशीचे स्वयंसेवक, नोकरीधंदा सांभाळून, एकेक पॅकेज आपल्या नावावर घेतात, त्यातील दोष निवारतात, ते वेळेवर बांधून कोठारात ठेवतात. स्टेलॅरियम भोपाळच्या एका मुलीला आकाश दाखवते आहे, हे ते बांधणाऱ्याला कधी कळणारही नाही.

गुरुजींचे लेखन आता बावन्न पानांवर आले आहे. त्याच्या तीन प्रती आहेत : एक यंत्रात, एक वाचनालयाच्या कपाटातील पेन ड्राइव्हवर आणि एक त्यांच्या कन्येच्या घरी. यूपीएसला नवी बॅटरी बसली आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी, पाऊस नसताना, गुरुजी स्वतः 'अपडेट' आणि 'अपग्रेड' ह्या आज्ञा एका बोटाने देतात, आणि पुढे जाऊ काय असे यंत्राने विचारले की मुलीकडे न पाहता सबंध यादी वाचून काढतात. वाचून झाली, की मगच होकार.